चिलखत, बुरूज आणि प्रतिकृती : कोल्हापूर परिसरातील उपेक्षित दुर्गांच्या संदर्भात एक विचार

१

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे कागदपत्रे, शिलालेख, नाणी आणि वास्तू ह्यांचा उल्लेख सामान्यतः होतो. ह्या यादीत लहान प्रमाणावर घडविलेल्या प्रतिकृतीला स्थान मिळत नाही. प्रतिकृती ही मुलांच्या खेळण्याची किंवा संग्रहालयातील शोभेची वस्तू होय, असाच समज रूढ आहे. तथापि ज्या युद्धसाधनांचे मूळ नमुने नष्ट झाले, किंवा मोडलेल्या अवस्थेतच उरले, त्यांच्या बाबतीत हा समज तपासून पाहावयास हवा. मूळ वस्तू नाहीशी झाल्यावर तिच्याविषयी जे विखुरलेले ज्ञान उरते, ते एका जागी आणून परस्परांशी ताडून पाहण्याचे काम प्रतिकृतीला करावे लागते. लेखकाला जे मोघम ठेवता येते, ते प्रतिकृती घडविणाऱ्याला ठेवता येत नाही. ‘दरवाजाच्या बाजूस बुरूज होता’ असे लिहून भागते. परंतु तोच बुरूज मातीत उभा करावयाचा, तर तो डावीकडे की उजवीकडे, किती उंच, किती पुढे आलेला, ह्या सर्व प्रश्नांची उत्तरे द्यावीच लागतात.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न कोल्हापूर परिसरातील दुर्गांच्या संदर्भात मांडला आहे. कोल्हापुरात दर दिवाळीला अंगणाअंगणांत आणि गल्लीगल्लींत मातीचे किल्ले उभे राहतात. त्याच जिल्ह्यात १८४४ साली हेतुपुरस्सर मोडलेले खरे किल्ले आहेत. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी जो संबंध जोडता येण्यासारखा आहे, तो अद्याप पुरेसा जोडलेला नाही.

२

युद्धविषयक प्रतिकृतींचा सर्वांत सुसंघटित जुना संग्रह फ्रान्समध्ये आढळतो. चौदाव्या लुईचा युद्धमंत्री लूव्हवा ह्याने १६६८ साली सीमेवरील तटबंद नगरांच्या प्रतिकृती करवून घेण्यास आरंभ केला. त्या बहुतांशी १:६०० ह्या एकाच प्रमाणावर बांधल्या जात. म्हणजे मूळ सहाशे फूट अंतरास प्रतिकृतीत एक फूट. नगराचा तट, खंदक, घरे, एवढेच नव्हे तर तोफेच्या माऱ्याच्या टप्प्यातील शेतेही त्यांत दाखविलेली असत. वेढ्याचा बेत राजधानीत बसून आखता यावा, हा त्यांचा हेतू होता. साहजिकच हा संग्रह दीर्घकाळ राज्याचे गुपित मानला गेला. पुढे १७७७ साली तो पॅरिसमधील अँव्हालीद ह्या वास्तूत हलविण्यात आला. आज ज्या नगरांचे तट पाडून टाकले आहेत, त्यांच्या अभ्यासकाला ह्या प्रतिकृतींवाचून गत्यंतर नाही. लष्करी उपयोग संपल्यावर त्यांचा ऐतिहासिक उपयोग सुरू झाला.

ह्या उदाहरणातून एक तत्त्व स्पष्ट होते. प्रतिकृतीला साधनाचे मोल येते ते तिच्या देखणेपणामुळे नव्हे, तर एका निश्चित प्रमाणाशी ती बांधलेली असते म्हणून. प्रमाण ठाऊक असले म्हणजे तिच्यावरून मोजमाप घेता येते. प्रमाण नसले म्हणजे ती केवळ चित्र ठरते.

विसाव्या शतकात दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे संच बाजारात आले आणि प्रतिकृती घडविणे हा हजारो सामान्य लोकांचा छंद बनला. विमानांसाठी १:७२, रणगाड्यांसाठी १:३५ अशी प्रमाणे रूढ झाली. ह्यांपैकी १:३५ हे प्रमाण कोणत्याही शास्त्रीय विचारातून आलेले नाही. १९६०च्या दशकाच्या आरंभी टामिया ह्या जपानी कंपनीने पँथर ह्या जर्मन रणगाड्याचा संच काढला, तेव्हा आत विजेचे छोटे यंत्र आणि बॅटऱ्या मावतील एवढे आकारमान धरले गेले. त्यातून जे प्रमाण निघाले तेच पुढे सर्वमान्य झाले. परंपरा कशा पडतात ह्याचे हे बोलके उदाहरण होय.

३

ह्या छंदाच्या बाजारात एक विषमता प्रारंभापासून होती. जर्मन, अमेरिकन आणि रशियन रणगाड्यांचे संच विपुल; लहान राष्ट्रांच्या वाहनांचे जवळजवळ नाहीत. हंगेरीचे उदाहरण येथे उपयुक्त आहे. दुसऱ्या महायुद्धात हंगेरीने स्वतःच्या कारखान्यांतून चिलखती वाहनांची एक छोटी परंपरा निर्माण केली होती. स्वीडनच्या लान्ट्सव्हेर्क कंपनीच्या परवान्यावरून घडविलेला ‘तोल्दी’ हा हलका रणगाडा, चेकोस्लोव्हाकियातील श्कोडा कारखान्याच्या आराखड्यावरून विकसित केलेला ‘तुरान’ हा मध्यम रणगाडा, चाळीस मिलिमीटर तोफेची विमानविरोधी ‘निम्रोद’ गाडी, चाकांवर धावणारी ‘चाबा’ ही टेहळणीची चिलखती गाडी आणि तुरानच्या सांगाड्यावर उभारलेली ‘झ्रीनी’ ही हल्लातोफ, ही त्यांतील प्रमुख नावे. तोल्दी सुमारे दोनशे आणि तुरान चारशेंहून अधिक झाले. झ्रीनीची संख्या शंभरापर्यंतही पोचली नाही. युद्धाच्या अखेरीस ह्यांपैकी बहुतेक वाहने नष्ट झाली. तुरान व झ्रीनी ह्यांचे अवशिष्ट नमुने पाहावयाचे तर आज हंगेरीत नव्हे, मॉस्कोजवळील कुबिंका येथील संग्रहालयात जावे लागते. सध्याच्या शतकात ब्रॉन्को ह्या चिनी उत्पादकाने तुरान आणि झ्रीनी ह्यांचे १:३५ प्रमाणावरील संच काढले, तेव्हा ही वाहने जगभरच्या छांदिष्टांच्या मेजावर प्रथमच सहजगत्या पोचली. ज्या यंत्राचा मूळ नमुना दूरच्या एकदोन ठिकाणीच पाहावयास मिळतो, ते सामान्य माणसाला ठाऊक होते ते ह्या लहान प्रतिकृतीमुळे.

ह्या वाहनांची नावे भाषेच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहेत. तोल्दी हा यानोश ऑरन्य ह्याच्या एकोणिसाव्या शतकातील प्रसिद्ध कथाकाव्याचा बलदंड नायक. झ्रीनी हे नाव १५६६ साली सिगेतवारच्या किल्ल्यात तुर्कांशी लढताना पडलेल्या किल्लेदाराचे, आणि त्याच्यावर महाकाव्य रचणाऱ्या त्याच्या सेनानी पणतूचेही. चाबा हा दंतकथेप्रमाणे हूण राजा ॲटिलाचा पुत्र. निम्रोद हा हंगेरियन लोकांच्या मूळपुरुषांच्या कथेतला. थोडक्यात, तंत्र परदेशातून उसने आणलेले, पण नाव मात्र आपल्या काव्यपरंपरेतून दिलेले, असा हा प्रकार आहे. भारतातही ‘विजयंता’ हा रणगाडा ब्रिटिश आराखड्यावरून आवडी येथे तयार झाला आणि त्याला संस्कृत वळणाचे नाव मिळाले. पुढील रणगाड्याला तर ‘अर्जुन’ हे महाभारतातील नावच देण्यात आले. युद्धयंत्राला वीरकथेच्या वंशावळीत बसविण्याची ही प्रवृत्ती दोन्हीकडे सारखीच दिसते.

भारताच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नमूद करावयास हवी. त्याच महायुद्धात भारतात ‘इंडियन पॅटर्न’ ह्या नावाची चाकांची चिलखती गाडी तयार होत होती. तिचा सांगाडा कॅनडातील फोर्ड कंपनीचा, चिलखती पत्रा जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्याचा आणि जोडणी रेल्वेच्या कर्मशाळांतील. त्यामुळे तिला ‘टाटानगर’ असेही म्हणत. अशा साडेचार हजारांहून अधिक गाड्या झाल्या. म्हणजे हंगेरीच्या सर्व रणगाड्यांची बेरीज केली तरी ती ह्या संख्येच्या जवळपास जात नाही. असे असूनही तिचे नाव आज भारतीय विद्यार्थ्याला क्वचितच ठाऊक असते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे १९९४ साली उघडलेले रणगाडा संग्रहालय हे महाराष्ट्रातील ह्या विषयाचे प्रमुख दालन होय. तेथे गेल्यावर चिलखती वाहनांचा विकास प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. परंतु मोजमाप घेऊन प्रतिकृती करणाऱ्यांची जी परंपरा युरोपात व जपानात वाढली, ती येथे ह्या वाहनांभोवती वाढली नाही. मराठी प्रदेशातील प्रतिकृतीची परंपरा निराळ्या वस्तूभोवती वाढली. ती वस्तू म्हणजे किल्ला.

४

दोन्ही विषयांना जोडणारा एक शब्द मराठीत आहे, तो म्हणजे ‘चिलखत’. मूळ अर्थ अंगावर घालावयाचे लोखंडी कवच. मराठीत तो शब्द दुर्गरचनेतही आला. मूळ तटाच्या वा बुरुजाच्या बाहेर काही अंतर सोडून दुसरी भिंत उभारली, म्हणजे आतल्या बांधकामाला जणू कवच चढविले जाते. अशा बुरुजाला ‘चिलखती बुरूज’ म्हणतात. राजगडाच्या संजीवनी माचीवर ही दुहेरी बांधणी उत्तम प्रकारे पाहावयास मिळते. बाहेरची भिंत ढासळली तरी शत्रू दोन भिंतींमधील अरुंद बोळात सापडतो, हे तिचे मर्म. विसाव्या शतकात पोलादी पत्र्याची मोटार रणांगणावर आली, तेव्हा मराठीने नवा शब्द शोधण्याची यातायात केली नाही. ‘चिलखती गाडी’ हे नाव सहज रूढ झाले. शरीर, भिंत आणि वाहन ह्या तिन्ही ठिकाणी एकच कल्पना एकाच शब्दाने व्यक्त झाली. ‘रणगाडा’ हा शब्दही असाच; ‘रण’ हा संस्कृत आणि ‘गाडा’ हा शेतकऱ्याच्या नित्य व्यवहारातला.

दुर्गविषयक परिभाषा एकंदरीतच मिश्र स्वरूपाची आहे. ‘किल्ला’ आणि ‘बुरूज’ हे अरबी मूळ असलेले शब्द फारशीच्या वाटेने आले, ‘दरवाजा’ फारशी, ‘तट’ संस्कृत, ‘गड’, ‘माची’, ‘मेट’ हे देशी वळणाचे. तटातील बंदुकीच्या भोकांना ‘जंग्या’ म्हणतात, तो शब्द युद्धवाचक फारशी ‘जंग’शी निगडित आहे. शिवकालात रघुनाथपंडितांनी सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशात ‘दुर्गवर्ग’ असा स्वतंत्र विभाग आहे आणि त्यात रूढ यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. परंतु गडावर राबणाऱ्या लोकांनी ‘बुरूज’ सोडला नाही. दिवाळीचा किल्ला करणारी मुलेही आज ‘बुरूज’, ‘तट’, ‘माची’, ‘बालेकिल्ला’ हेच शब्द वापरतात. तटबंदीचा व्यवहार संपून पावणेदोनशे वर्षे लोटली, तरी ही परिभाषा जिवंत राहिली, त्यात ह्या मातीच्या खेळाचा वाटा मोठा आहे. ग्रंथांत उरलेला शब्द आणि तोंडात उरलेला शब्द ह्यांत जो फरक आहे, तो येथे प्रत्ययास येतो.

५

दिवाळीच्या किल्ल्याची रीत सर्वपरिचित आहे. दगडविटांचा ढीग रचून त्यावर पोते अंथरावयाचे, वर चिखल लिंपावयाचा, उतारावर आळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवावयाची, माथ्यावर सिंहासनस्थ शिवछत्रपतींची मूर्ती आणि पायऱ्यापायऱ्यांवर मावळे मांडावयाचे. कोल्हापुरात गंगावेस, शाहूपुरी इत्यादी ठिकाणच्या कुंभारांकडून आणलेली मातीची चित्रे ह्या किल्ल्यांवर उभी राहतात. पूर्वी हा घरच्या मुलांचा उद्योग होता. आता तालीम मंडळे आणि संस्था स्पर्धाही भरवितात.

ह्या किल्ल्याला मोजपट्टी लावून पाहिली, तर एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. समजा, पन्हाळ्याचा किल्ला करावयाचा आहे. पन्हाळ्याचा घेर सात किलोमीटरांहून थोडा अधिक आहे. अंगणातील किल्ल्याचा घेर पाच मीटर धरला, तर प्रमाण सुमारे १:१४०० पडते. ह्या प्रमाणावर साडेपाच फुटांचा मावळा सव्वा मिलिमीटराचा, म्हणजे राजगिऱ्याच्या दाण्याएवढा व्हावयास हवा. प्रत्यक्षात मातीचा मावळा दहा सेंटिमीटर उंच असतो. त्याचे प्रमाण १:१७. ह्या मावळ्याच्या मानाने पन्हाळा करावयाचा, तर त्याच्या प्रतिकृतीचा घेर चारशे मीटर होईल आणि त्याला क्रीडांगण लागेल. उंचीचाही असाच विपर्यास होतो. भोवतालच्या पठारापासून पन्हाळ्याचा माथा सुमारे चारशे मीटर उंच आहे. १:१४०० ह्या प्रमाणात तो अवघा अठ्ठावीस सेंटिमीटर भरेल. मुले मात्र तो तीन फूट उंच करतात.

ह्याला दोष म्हणणे योग्य होणार नाही. अंगणातील किल्ला हे स्मरणाचे रूप आहे, मापनाचे नव्हे. मोठा राजा, उंच कडा आणि दिसण्याजोगा मावळा ही स्मरणाची गरज असते. मध्ययुगीन चित्रांतही राजा इतरांहून मोठा काढीत, त्यामागे हीच दृष्टी होती. तथापि हीच पद्धत साधनाच्या पदवीला पोचवावयाची असेल, तर स्मरण आणि मापन ह्यांतील सीमारेषा ओळखावी लागेल. त्यासाठी प्रमाणाचे शिस्तबद्ध गणित अवघड नाही. लूव्हवाचे १:६०० हे प्रमाण धरले, तर पन्हाळ्याचा संपूर्ण घेर बारा मीटरांच्या आत बसतो आणि एखाद्या महाविद्यालयाच्या दालनात तो मावू शकतो. एकटी वास्तू करावयाची, तर १:७२ हे प्रमाण सोयीचे. पन्हाळ्याच्या अंबरखान्यातील सुमारे पस्तीस फूट उंचीची गंगा कोठी त्यात सहा इंचांची होते.

६

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. अंगणांत होणारे किल्ले ठराविकच असतात : रायगड, प्रतापगड, सिंहगड, सिंधुदुर्ग, पन्हाळा. जी विषमता रणगाड्यांच्या संचांत दिसते, तीच येथेही आहे. कोल्हापूर जिल्ह्यात सामानगड, भुदरगड, रांगणा, पारगड, पावनगड असे किल्ले असता, त्यांची प्रतिकृती क्वचितच पाहावयास मिळते. परंपरेप्रमाणे ह्यांतील काही शिलाहार राजा दुसरा भोज ह्याच्या काळापर्यंत मागे जातात. गडहिंग्लज तालुक्यातील सामानगड आकाराने लहान, पण खडकात खोदलेल्या कमानींच्या विहिरींसाठी अभ्यासण्याजोगा. भुदरगडाच्या विस्तीर्ण माथ्यावर भैरवनाथाचे देवालय आणि मोठा तलाव. रांगणा सह्याद्रीच्या ऐन धारेवर, कोकणात उतरणाऱ्या वाटेवर पहारा ठेवणारा. त्याची हत्तीच्या सोंडेसारखी निमुळती होत गेलेली माची प्रसिद्ध आहे. पावनगड तर पन्हाळ्याला खेटूनच आहे, आणि तरीही पन्हाळ्याच्या प्रतिकृतीत तो बहुधा वगळला जातो.

पावनगड वगळणे ही केवळ अपुरेपणाची बाब नाही; त्यामुळे पन्हाळ्याचा अर्थच बदलतो. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या इंग्रज वखारीतील रेव्हिंग्टन हा तोफा घेऊन त्याच्या मदतीस आला होता. गडाच्या माऱ्याच्या टप्प्यात दुसरी उंच टेकडी मोकळी असणे किती घातक, हे त्या वेढ्याने दाखविले. १६७३ साली कोंडाजी फर्जंदाने अवघ्या साठ माणसांनिशी पन्हाळा परत घेतल्यानंतर शेजारच्या टेकडीवर पावनगड बांधून काढण्यात आला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात ह्या अनुभवाचे तत्त्वात रूपांतर झालेले दिसते : गडाजवळ दुसरा डोंगर असू नये, असल्यास तो सुरुंगाने फोडून आटोक्यात आणावा, अथवा बांधून घ्यावा. कोल्हापूर राज्याशी निगडित अशा ह्या ग्रंथकाराची समाधी पन्हाळ्यावरच आहे, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आज्ञापत्रातील दुर्गप्रकरण हे वस्तुतः प्रतिकृतीकाराला मार्गदर्शक ठरावे असे आहे. दरवाजा खालून दिसू नये, त्याच्या पुढे बुरूज देऊन येणारी वाट बुरुजांच्या माऱ्यात यावी. गडाला एकच दरवाजा असणे हा दोष, म्हणून दोनतीन दरवाजे आणि चोरदिंड्या असाव्यात. पाणी एका झऱ्यावर अवलंबून ठेवू नये, टाकी बांधून साठा करावा, अशा सूचना त्यात आहेत. अंगणातील किल्ल्याचा दरवाजा मात्र नेहमी समोर, मधोमध आणि पाहणाऱ्याकडे तोंड करून असतो. पाहणाऱ्याला तो दिसावा ही प्रतिकृतीची गरज, आणि पाहणाऱ्याला तो दिसू नये ही मूळ गडाची गरज! हा विरोध विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून दिला, तर दुर्गरचनेचे मर्म एका क्षणात उलगडते.

७

ह्या उपेक्षित किल्ल्यांच्या बाबतीत प्रतिकृतीची आवश्यकता विशेष का, ह्याचे उत्तर १८४४ च्या घटनांत आहे. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा अल्पवयीन राजा होता आणि कारभार कंपनी सरकारने नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या हाती होता. गडावरील शिबंदी वंशपरंपरेने गडाचे रक्षण करीत असे आणि त्याबद्दल तिला इनाम जमिनी होत्या. हे लोक ‘गडकरी’. त्यांच्या जमिनींची व्यवस्था गडाच्या अधिकाऱ्यांकडून काढून मामलेदारांच्या हाती देण्यात आली. ह्या बदलात आपली जमीन आणि आपले स्थान दोन्ही जाणार, अशी गडकऱ्यांना भीती वाटली. जुलै १८४४ मध्ये सामानगडाच्या गडकऱ्यांनी दरवाजे बंद केले; भुदरगडानेही तेच केले. बेळगावहून कंपनीची फौज आली. १३ ऑक्टोबरला सामानगड पडला. पुढे बंडाचा जोर पन्हाळा-पावनगडाकडे वळला आणि साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हन्स ह्याला वाटेत पकडून पन्हाळ्यावर कैदेत ठेवण्यात आले. १ डिसेंबर १८४४ रोजी तोफांनी तट फोडून पन्हाळा घेण्यात आला. पावनगडही त्याच दिवशी पडला.

ह्यानंतर गडकऱ्यांची व्यवस्था मोडण्यात आली आणि गडांचे संरक्षक बांधकाम निकामी करण्यात आले. पन्हाळ्याचे तीन दरवाजा आणि वाघ दरवाजा आज उभे आहेत. परंतु पूर्वेकडील चार दरवाजा पाडला गेला आणि आज गावातून येणारी मोटार त्याच्याच जागेवरून आत शिरते. काळाने ढासळलेली भिंत आणि शत्रूने पाडलेली भिंत ह्यांत अभ्यासकाने भेद करावयास हवा. काळ दुर्बल भाग प्रथम पाडतो. शत्रू सबळ भाग प्रथम पाडतो. म्हणून १८४४ नंतर ह्या गडांवर जे उरले, त्यावरून गडाच्या बळाचा अंदाज बांधणे फसवे ठरते. दरवाजे, त्यांवरील बुरूज आणि माऱ्याच्या जागा, म्हणजे गडाच्या रचनेतील कौशल्य जेथे एकवटलेले असते तेच भाग हरवलेले आहेत. हरवलेल्या भागांसह गड समजून घ्यावयाचा, तर पाया, उरलेली जोती, कागदपत्रांतील उल्लेख आणि आज्ञापत्रासारख्या ग्रंथांतील तत्त्वे एकत्र आणून रचना पुन्हा उभी करून पाहावी लागते. ती प्रथम लहान प्रमाणावर उभी करणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

८

ह्या मार्गाला अलीकडे विशेष निकड प्राप्त झाली आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ ह्या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत पन्हाळा आहे. सन्मानाबरोबर डागडुजीचा उत्साहही वाढतो, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. जतन आणि नवनिर्मिती ह्यांतील रेषा अशा वेळी पुसट होण्याचा संभव असतो. मूळ जागी अंदाजाने नवा बुरूज बांधला, तर त्याखालचा पुरावा कायमचा झाकला जातो आणि पुढील पिढी त्या नव्या बुरुजालाच जुना समजू लागते. उलट, मातीची किंवा लाकडाची लहान प्रतिकृती चुकली, तर ती मोडून नवी करता येते; तिच्यात झालेल्या चुकीने गडाच्या एकाही दगडाला धक्का लागत नाही. म्हणून जे अनुमान गडावर करावयाचे नाही, ते प्रतिकृतीवर करावे.

सामानगड, भुदरगड, रांगणा आणि पारगड हे त्या बारांत नाहीत. त्यांच्याकडे निधी कमी वळेल, हे उघड आहे. तेथील अवशेषांची मोजणी, नकाशा आणि प्रतिकृती हे काम विद्यापीठातील व महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना अल्प खर्चात करण्याजोगे आहे. हंगेरीच्या विस्मृत रणगाड्यांना जगाच्या स्मरणात परत आणण्यात, मोजपट्टी घेऊन संग्रहालयात फिरणाऱ्या आणि जुन्या छायाचित्रांतील एकेक खिळा मोजणाऱ्या छांदिष्टांचा वाटा आहे. त्या चिकाटीला येथील दिवाळीच्या उत्साहाची जोड मिळाली, तर काम अशक्य नाही.

मात्र अशा प्रतिकृतीने तीन अटी पाळावयास हव्यात. पहिली, तिच्यावर प्रमाण स्पष्ट लिहिलेले असावे आणि आडवे व उभे प्रमाण एकच नसेल तर तसे सांगितलेले असावे. दुसरी, जो भाग प्रत्यक्ष मोजणीवर आधारलेला आहे तो एका रंगात आणि जो अनुमानाने पुरा केला आहे तो दुसऱ्या रंगात दाखवावा. पाहणाऱ्याची फसगत होता कामा नये. तिसरी, प्रत्येक अनुमानामागील आधार नोंदवहीत लिहून ठेवावा, म्हणजे नवा पुरावा हाती आल्यावर नेमका कोणता बुरूज बदलावयाचा ते कळेल. ह्या अटी पाळल्या म्हणजे प्रतिकृती ही शोभेची वस्तू न राहता युक्तिवाद बनते. आणि युक्तिवादाप्रमाणेच ती खोडून काढता येते, हेच तिचे शास्त्रीय मोल.

अंगणातल्या किल्ल्यावर मावळा राजगिऱ्याच्या दाण्याएवढा करावा, असा ह्याचा अर्थ नाही. मुलांच्या किल्ल्यात राजा मोठाच असावा. परंतु त्याच मुलांपैकी काही पुढे पदव्युत्तर वर्गांत येतात, तेव्हा त्यांच्या हातांत माती मळण्याचे कसब आधीपासूनच असते. त्या हातांत मोजपट्टी द्यावयाची, आणि चार दरवाजा जेथे होता त्या रस्त्यावर त्यांना उभे करून, येथे काय होते हे मातीत मांडून दाखविण्यास सांगावयाचे, एवढे कार्य इतिहासाच्या अध्यापकाकडे उरते.